डामीस गाडीचा टप

ऐका हो ऐका! सर्व लहानथोर, बायामाणसं, गडीमजूर आणि कान शाबूत असलेल्या यच्चयावत प्राणिमात्रांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, रिठदच्या अलीकडच्या फाट्यावर साता समुद्रापलीकडून एक मोटार आलेली असून तिच्या टपास पोचा पडलेला आहे. पोच्यास कोणी हात लावू नये. बोट लावू नये. फार वेळ टक लावून पाहूही नये. हुकमावरून.

ही दवंडी गावात प्रत्यक्षात कुणी दिली नाही. त्या उन्हाळ्यात मी ती मनातल्या मनात देत असे आणि आता पन्नाशी उलटल्यावर उघड देतो आहे. गावातली खरी दवंडी माझे वडील देत. आम्ही भाऊ त्यांना बा म्हणायचो. गावकीची कामं बाकडे होती. डफावर थाप मारून दवंडी द्यायची, आणि वाशीमहून कुणी साहेब आला की फाट्यापासून गावापर्यंत त्याच्या दमणीपुढं धावायचं. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. तिच्यात साहेब मागं टेकून बसायचा, बैल धावायचे, आणि बैलांच्या पुढं बा धावायचा. धावता धावता ओरडायचा, "बाजू व्हा, साहेब आले!" पुढं साहेबलोकांकडं मोटारी आल्या. पण रस्ता काळ्या मातीचा, खोल चाकोऱ्यांचा. मोटारही तिथं बैलाच्याच चालीनं चालायची. बा तिच्याही पुढं धावला.

छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला. बानं डफ खाली ठेवला आणि धावणं सोडलं. दुसऱ्यांच्या शेतात राबून आम्हा दोघा भावांना शिकवलं. धावण्याविषयी त्यानंतर तो कधी अवाक्षर बोलला नाही. आवाज मात्र डफाबरोबर खाली ठेवता येत नाही. घरात तो मीठ मागायचा तेही सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कारखान्यातलं काम शिकून विलायतेला गेला. मी केनवडच्या शाळेत मास्तर झालो. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत दादानं कायमचं परत यायचं ठरवलं. अशा माणसाला तेव्हा आपली वापरलेली गाडी सोबत आणता येत असे. त्यानं पत्रातून मला विचारायला सांगितलं, बासाठी काय आणू? स्वेटर, घड्याळ, बॅटरी? मी बाला विचारलं. तो अंगणात दोरी वळत बसला होता. त्यानं आधी दोरीचा पीळ संपवला. मग म्हणाला, "गाडी आनून राह्यला ना थो? मंग एकडाव फाट्यापासून गावापर्यंत मांगं बसून येतो म्हना. बाकी कायीच नोको."

एवढीच मागणी. मी ती जशीच्या तशी कळवली. मागं या शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

दादा विमानानं पुढं आला आणि गाडी आगबोटीनं मागून आली. मुंबईच्या बंदरात एका एजंटानं ती सोडवली, ताडपत्रीत गुंडाळली आणि मालगाडीवर चढवली. अकोल्याला मोठ्या रुळावरच्या डब्यातून उतरवून ती लहान रुळाच्या उघड्या डब्यात घातली गेली आणि तशी वाशीमला पोचली. आम्ही दोघं भाऊ धुतलेले कपडे घालून मालधक्क्यावर उभे होतो. दोन हमालांनी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. नाटकाचा पडदा वर जाताना रोखतात तसा मी श्वास रोखला.

पडदा वर गेला. समोरून गाडी देखणी होती. निळसर करडी, नाकाशी चकचकीत पट्टी. दादाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मग आम्ही मागं गेलो. कुठंतरी, समुद्रात की रुळावर देव जाणे, तिच्यावर काहीतरी जडशीळ येऊन पडलं होतं. मागच्या सीटवरचा टप अख्खा आत बसला होता. मागच्या काचेचा चुरा सीटवर साखरेसारखा सांडला होता, आणि मागचं एक दार उघडायलाच तयार नव्हतं. पुढं सगळं ठाकठीक. इंजिन ठाकठीक. जे मोडायचं ते नेमकं मागं मोडलं होतं.

"असं कसं?" दादा म्हणाला. तो तेवढंच पुनःपुन्हा म्हणत राहिला.

माल खराब झालेला आला तर रेल्वेच्या माणसासमोर तो उघडून, नुकसान लिहून घेऊन मग ताब्यात घेतात. त्याला ओपन डिलिव्हरी म्हणतात. मालबाबूनं सगळं पाहिलं आणि हे बोटीतलंच आहे असं सांगितलं. बोटीचा एजंट पुढं म्हणणार होता की हे रेल्वेतलंच आहे. दोघंही सभ्य होते आणि दोघंही ठाम होते. उरली विमा कंपनी. तिचा नियम दादाला तोंडपाठ होता. कंपनीचा सर्व्हेयर येऊन पाहीपर्यंत गाडी चालवायची नाही, दुरुस्त करायची नाही, पोच्याला हात लावायचा नाही. हात लावला तर भरपाई गेली. आणि भरपाईशिवाय तसा टप आणि तशी काच विलायतेहून मागवणं आमच्या ताकदीबाहेर होतं.

संध्याकाळी दादा घरी आला आणि मायला म्हणाला, "माय, गाडी डॅमेज आली."

मायनं पदर कपाळावर ओढला. "डामीस?" ती म्हणाली. "इतक्या दुरून आनली आन् डामीस निंगाली? पारखून नाई घेतली काय रे?"

डामीस म्हणजे लबाड, बदमाश. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं की मोठ्या पोराची विलायती गाडी डामीस आहे. त्यानंतर गाडी आमच्याकडं होती तोवर तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

डामीसला वाशीमहून आणायला बाच्या जुन्या दोस्तानं आपली बैलजोडी दिली. हा कास्तकार बाच्याच वयाचा. त्याचं शेत फाट्याला लागून, आणि खळं रस्त्याच्या कडेला. नियम गाडी चालवू नये असा होता, ओढू नये असा नव्हता. तेव्हा विलायती मोटारीला पुढून दोर बांधून दोन बैल वाशीमच्या बाजारातून निघाले. दादा आत चाक धरून बसला होता, आणि मी शेजारून अंत्ययात्रेतल्यासारखा चालत होतो. पानठेल्यावरून एक जण ओरडला, "काय भाऊ, पेट्रोल सरलं काय?"

कास्तकार मागं न बघता म्हणाला, "सरलं नाई. हे बैल विलायती होय, हे गाडी देशी!"

फाट्यावर बा आमची वाट पाहत उभा होता. डोक्याला धुतलेला पांढरा पटका, अंगात माझ्या लग्नातला सदरा. तिथून आमचं गाव दीड-दोन मैल आत. तोच तो रस्ता. गाडी खळ्यावर कडब्याच्या गंजीच्या सावलीत उभी केली. कास्तकारानं नारळ आणि लिंबू आणलं होतं. बा म्हणाला, "नोको गड्या, आमच्यात आता हे नसते."

"मंग तुमच्यात काय असते? गाडी कोरडीच घरात घ्याची काय?"

बानं विचार केला आणि गाडीसमोर हात जोडून पंचशील म्हटलं. आम्ही मागून म्हटलं. दोस्तही टोपी काढून उभा राहिला आणि संपल्यावर त्यानं अर्थ विचारला. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही असं सांगत मी शेवटच्या शीलावर आलो, नशा करणार नाही.

"हे तिले कसं लागू होईन?" कास्तकार म्हणाला. "थे तं पेट्रोलशिवाय हालतच नाई."

बा हसला नाही. तो गाडीच्या मागच्या दाराशी गेला होता. आम्ही काचेचा चुरा झाडून काढला. बा आत शिरला, सीटवर बसला आणि टेकायला गेला. पटका टपाला लागला. त्यानं मान थोडी खाली केली, तरी लागला. आणखी खाली केली, तेव्हा कुठं तो मावला. हनुवटी छातीला टेकली होती आणि डोळे स्वतःच्या पायांकडं लागले होते. काही क्षण तो तसा बसला. मी त्याला कितीतरी वेळा असा पाहिला होता. ओट्यांसमोर, कचेरीच्या पायरीशी, धान्य मागायला उभा असताना. पण ते लहानपणी. मला वाटलं होतं तसा बा आता पुन्हा दिसायचा नाही.

तो बाहेर आला आणि पटका सारखा करू लागला.

"बा, पुढं बस ना," दादा म्हणाला. "सर्व्हे झाला की पुढच्या सीटवर बसवून नेतो. पुढं जागाच जागा आहे."

"पुढं लय झालं लेका," बा म्हणाला. "पुढं लय धावलो."

"मग थोडी मान वाकव. रस्ता कितीसा?"

बानं त्याच्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "घरच्या गाडीत मान खाली घालून येऊ काय गावात?"

दादानं मागचं दार हळूच लावून घेतलं.

मग आम्ही वाट पाहू लागलो. सर्व्हेयर अकोल्याहून यायचा होता. तो या आठवड्यात येणार, मग पुढच्या. दादा वाशीमला जाऊन फोन लावायचा आणि धुळीनं भरून परत यायचा. मी शाळेला सुट्टी लागल्यावर खळ्यावरच मुक्काम टाकला, आणि गाडी बघायला येणाऱ्यांना पोच्यापासून दूर हटवण्याचं काम अंगावर घेतलं. इंझोरीकडचे एक पाहुणे तर जेवणाचा डबा घेऊन आले. मी त्यांना पुढचे दिवे, चाक, आरसे फार रंगवून दाखवले आणि मागं गेल्यावर आवाज खाली आणला. देवळाच्या गाभाऱ्याशी आणतात तसा. लोक खरोखरच तिथं गप्प व्हायचे. एक म्हातारी पोच्याकडं बघून म्हणाली, "अगाई, लय लागलं वं इले."

हे सगळं मी मजेनं करत होतो, पण मला घाम फुटत होता. बाचा दम त्या हिवाळ्यापासून वाढला होता. गावातून खळ्यापर्यंत यायला तो तीन ठिकाणी बसायचा. ज्या रस्त्यावर तो मोटारीपुढं धावला, त्यावर आता त्याला चालता येत नव्हतं. आणि मृग जवळ येत होता. आमच्याकडची काळी माती एकदा भिजली की त्या रस्त्यावर बैलगाडीचं चाक रुतून बसतं, मोटारीची तर गोष्टच सोडा. मग तो रस्ता थेट दिवाळीनंतर मोकळा होणार. माय एकदा चुलीपाशी म्हणाली, "तुमी दोघं म्हनता दिवाळीनंतर पाहू. आन् हा मानूस दिवाळीपर्यंत..." तिनं पुढचं वाक्य चुलीत सारलं आणि फुंकर मारली.

शेवटी एका सकाळी दादा सर्व्हेयरला आणायला वाशीमच्या मोटारस्टँडवर गेला. जाताना मला बजावून गेला, "साहेब येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नको. कुणाला म्हणजे कुणाला." मी कमरेवर हात ठेवून गाडीसमोर उभा राहिलो. कास्तकार कडब्याच्या सावलीत तंबाखू मळत बसला. आभाळात पश्चिमेकडं ढग दिसू लागले होते.

बा आला. बसत, उठत, दम घेत आला. "दार उघड," म्हणाला.

"बा, दादानं सांगितलंय..."

"हात लावू नोको म्हने ना? नाई लावत हात. उघड."

मी दार उघडलं. तो आत बसला. मान वाकवली. मग त्यानं पाय फाकवून जमिनीशी घट्ट रोवले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि हळूहळू मान वर करू लागला. पटका टपाला भिडला. मानेच्या शिरा उठल्या. मी "बा!" म्हणून ओरडलो, तर त्यानं डोळ्यांनी मला गप्प केलं. खांदे टपाला लागले. मला वाटलं, याचा श्वास आता इथंच अडकणार. पत्रा कुरकुरला. आणि एकदम ठाँय असा आवाज झाला.

कास्तकार तंबाखू टाकून पळत आला. "टायर फुटला काय बे?"

टायर नाही, टप वर आला होता. पूर्ण सरळ नाही, रंगाला तडे गेलेले, कडेला चुण्या पडलेल्या. पण बाच्या डोक्यावर त्यानं चांगलं गोल पोट काढलं होतं, परातीसारखं. बा सरळ बसला होता. पटका आणि पत्रा यांच्यामध्ये उजेड दिसत होता. तो समोर बघत होता आणि त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"पानी आन," तो म्हणाला.

त्याला पाणी पाजलं. दम खाली बसला. मग मला नियम आठवला. पोचाच गेला तर सर्व्हेयर पाहणार काय? मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. कास्तकाराला माझी दया आली. "घाबरू नोको मास्तर," तो म्हणाला, "मी चढतो वर आन् बसतो टपावर. होता तसा करून देतो."

आतून बाचा तो डफाबरोबरचा जुना आवाज आला, "चढून तं पाह्य!"

एवढ्यात दादा आणि सर्व्हेयर येऊन पोचले. सर्व्हेयर सडपातळ, काळ्या चष्म्याचा, फार मोजकं बोलणारा माणूस. हातात पट्टी आणि फाइल. दादानं गाडी पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी खांदे उडवले.

"टपाला मोठा डेंट आहे असं कळवलं होतं," सर्व्हेयर म्हणाला. "कुठं आहे?"

"होता," बा आतून म्हणाला.

"काढला कुणी?"

"म्या."

"कशानं?"

"मानेनं."

सर्व्हेयरनं चष्मा काढला. त्यानं रंगाच्या भेगांवरून बोट फिरवलं, फुटक्या काचेची चौकट पाहिली, अडकलेलं दार ओढून पाहिलं. मग वाकून आत डोकावला आणि बाला म्हणाला, "बाबा, तसेच बसा." पटक्याच्या वरची मोकळी जागा त्यानं पट्टीनं मोजली. हे कुठल्या नियमात होतं ते मला माहीत नाही. भरपाईचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे ती मध्ये मध्ये येणार नाही. काचेची आणि दाराची मिळाली. टपाची मिळाली नाही, आणि तो टप शेवटपर्यंत तसाच पोट काढून राहिला.

सर्व्हेयरनं पश्चिमेकडं पाहिलं. ढग आता गंजीच्या वर आले होते. "गाडी चालवून पाहावी लागेल," तो दादाला म्हणाला. "चेसिस सरळ आहे की नाही ते चालवल्याशिवाय कळत नाही. इथून कुठं जाता येईल?"

"गावापर्यंत," दादा म्हणाला.

सर्व्हेयर सवयीनं मागच्या दाराशी गेला. साहेब मागंच बसतात. पण एक दार अडकलेलं, आणि दुसऱ्या दारात बा बसलेला. बा हलला नाही. उतरून वाटही दिली नाही. त्यानं फक्त सर्व्हेयरकडं शांतपणे पाहिलं. सर्व्हेयर क्षणभर थांबला, मग वळसा घालून पुढं दादाच्या शेजारी जाऊन बसला. मी बाचे गुडघे ओलांडून पलीकडं गेलो. माझ्या बाजूचा टप अजून खालीच होता. मी मान वाकवून बसलो आणि त्या सबंध रस्त्यात मला दिसले ते बाचे पाय. ते थोडे थोडे हलत होते. चाकोरीत गाडी आपटली की त्यांची बोटं चपलेत आवळली जायची, सुटायची, पुन्हा आवळली जायची. वर मात्र तो ताठ होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून मी एवढंच पाहिलं, की रस्त्याकडेची झाडं तो एकेक ओळखत चालला होता.

गाडी हळूहळू गावात शिरली. पुढं कुणी धावत नव्हतं, त्यामुळे कोंबड्या आणि म्हशी वाटेल तशा मध्ये येत होत्या. चावडीजवळच्या ओट्यावर जुने पाटील बसले होते. पाटीलकी गेली होती, दिसायला कमी आलं होतं, पण मोटारीचा आवाज कानावर पडला की उभं राहायची सवय गेली नव्हती. ते काठी टेकत उठले. जोडे घातले. दादाला गाडी थांबवणं भाग पडलं, कारण ते रस्त्याच्या मधोमधच येऊन उभे राहिले. दोन्ही हात जोडून ते काचेशी वाकले. आधी पुढं पाहिलं, मग मागं पाहिलं. मागं पांढरा पटका सरळ उभा.

त्याचे पाय एकदम थांबले.

"कोन साहेब आले म्हनाव?" पाटलांनी विचारलं. "साहेब कोनते होय, पुढचे का मांगचे?"

दादानं तोंड उघडलं, मीही उघडलं. आमच्या दोघांच्याही आधी तो मोजकं बोलणारा सर्व्हेयर मांडीवरची फाइल घट्ट धरून ओरडला, "मागचे, मागचे! मी नुसता टप मोजायला आलोय!"